लॅपटॉप जागा आहे ना?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारी मामाकडे आंबवड्याला गेलो होतो. भोरच्या पुढे, रायरेश्वराच्या वाटेवरचं, नागेश्वराचं देऊळ आणि झुलता पूल असलेलं गाव. संध्याकाळी पाऊस कोसळला आणि लाइट गेली. मामाच्या फोनमध्ये ३ टक्के, आणि मामेबहीण बाळंतपणासाठी पुण्यात दवाखान्यात! माझ्या फोनला तिथे रेंज शून्य.

मी बाह्या सरसावल्या. "मामा, लॅपटॉपला लावतो. सकाळपर्यंत फुल्ल."

"अरे, तुझं यंत्र जळेल. नाहीतर माझा फोन फुटेल."

तसं काही होत नाही हो. साध्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट येतात आणि किती करंट ओढायचा ते फोन पोर्ट बघून ठरवतो. यूएसबी २ असेल तर ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ असेल तर ९००. म्हणजे अडीच ते साडेचार वॅट. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात, त्यामुळे जुन्या पोर्टवर आठ तास सहज जातात. जळायची भीती नाही, फक्त धीर हवा.

एवढं भाषण ठोकून, लॅपटॉपची बॅटरी वाचावी म्हणून मी झाकण लावलं आणि झोपलो.

पहाटे पाचला मामाने हलवलं. फोन बंद! झाकण लावताच लॅपटॉप झोपला होता आणि त्याच्याबरोबर पोर्टही. मामा काही बोलला नाही. मामी देवासमोर बसून होती. तेच जास्त लागलं.

झाकण उघडलं, स्लीप बंद केली, ब्राइटनेस तळाला नेला. दहा मिनिटांत फोन सुरू झाला. आधी बहिणीचा मेसेज, रात्री दीडचा: 'आईशी बोलायचंय, फोन का बंद?' मग जावयांचा, पावणेतीनचा: 'मुलगी झाली. दोघी ठीक.'

मामी हसली, मग रडली. मी मान खाली घालून बसलो.

तेव्हापासून झाकण लावल्यावर पोर्ट चालू राहतो का, हे आधी तपासतो. दोन्ही वस्तू गोधडीवर नाही, पाटावर ठेवतो, म्हणजे तापत नाहीत. विजा कडाडत असतील तर लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढतो. आणि लॅपटॉप दुसऱ्याचा असेल तर फोनवर 'फक्त चार्जिंग' निवडतो, फोटो-फाइली उघड्या पडायला नकोत.

असो. भाची आता रांगते. मी फोन लॅपटॉपला लावला की मामा अजून विचारतो, "लॅपटॉप जागा आहे ना रे?"