पोवळं खाणारा मासा

माशांची हौस दोन प्रकारची असते. एकीत माणूस मासे खातो, दुसरीत त्यांना खायला घालतो. आमच्या घरात दोन्ही हौशी सुखाने नांदतात. स्वयंपाकघरात जायकवाडीचा रोहू तळला जात असतो आणि हॉलमधल्या काचेच्या टाकीत क्लाऊनफिशची जोडी फिरत असते. पण आज ज्या माशाबद्दल लिहायचं आहे, त्याच्या बाबतीत खायला काय घालायचं, हाच सगळा प्रश्न होता.

आधी टाकीबद्दल थोडं सांगतो, कारण लोक नेहमी विचारतात. औरंगाबाद, कागदावर आता छत्रपती संभाजीनगर, मुंबईच्या समुद्रापासून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावात समुद्र ठेवायचा तर तो घरीच बनवावा लागतो. फिल्टरचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशोबाने खास मीठ विरघळवायचं. माझ्या साडेतीनशे लिटरच्या टाकीला पहिल्यांदा बारा किलो मीठ लागलं होतं. पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं. तापमान 26 अंशांच्या आसपास राहावं म्हणून चिलर, आणि वीज गेली तर पंप चालू राहावा म्हणून इन्व्हर्टर.

हा फिल्टर एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते आम्ही भांडी आणि फरशीला वापरतो. "लोगां को पीने को पानी नई, और तुम मछलियां पाल रहे," असं मला तोंडावर म्हणणारे शेजारी आहेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून हा हिशोब मला तोंडपाठ ठेवावा लागतो. तसं लांबून पाणी आणायची सवय या शहराला जुनीच आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात इथे नहर आणली. पाणचक्कीचं पाणीही डोंगराकडून मातीच्या नळांतून येतं. त्या हौदातले मासे बघतच आमची पिढी मोठी झाली. मी फक्त पाण्यात मीठ घातलं.

माझ्या टाकीत मासे आहेत, दगड आहेत, दगडांवर चढलेलं जांभळट शेवाळ आहे. प्रवाळ नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात ओळखीच्या मासेवाल्या दुकानदाराचा फोन आला. त्याने पिवळा मासा मागवला होता आणि पिवळाच आला होता, पण भलता. पुरवठादाराने पिशवीवर चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती. मी जाऊन बघितलं. तळहाताएवढा, थाळीसारखा चपटा, पिवळ्या अंगावर पेन्सिलीने ओढल्यासारख्या जांभळ्या आडव्या रेघा, आणि डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा. मेलन बटरफ्लाय. हिंदी महासागरातल्या बटरफ्लायफिशांपैकी दिसायला सर्वांत देखणा असेल, आणि घरात जगवायला सर्वांत अवघड असणाऱ्यांपैकी एक.

"भाई, ये आपीच ले जाव," दुकानदार म्हणाला. "मेरे पास दो दिन नई टिकती."

त्याचं खरं होतं. त्याच्या दुकानातल्या नव्या टाकीत तो मासा दोन दिवसही टिकला नसता. परत पाठवला असता तर वाटेतच गेला असता. माझ्या टाकीला चार वर्षं झाली होती आणि तिचं पाणी मुरलेलं होतं. मी पिशवी घेतली.

अम्मीने पहिलाच प्रश्न विचारला, "ये क्या खाती?"

मी म्हणालो, "मूंगा."

तिने स्वतःच्या बोटातल्या अंगठीकडे बघितलं. लाल मूंगा, म्हणजे मराठीत पोवळं. सूरह रहमानमधला 'मरजान' तो हाच, असं तिला लहानपणी शिकवलेलं. "पत्थर खाती?"

अम्मीसारखाच समज बहुतेकांचा असतो, म्हणून नीट सांगतो. अंगठीतला खडा आणि प्रवाळाच्या बेटांवरचे दगड हे दोन्ही प्राण्यांनी बनवलेले सांगाडे आहेत. पण ते प्राणी वेगळ्या कुळातले. बेटं बांधणाऱ्या दगडी प्रवाळात हजारो इवलेसे जीव एकमेकांना चिकटून राहतात. प्रत्येकाला एक तोंड आणि भोवती बोटांसारखे तंतू. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि यजमानालाही देतं. मेलन बटरफ्लाय या जीवांचं मांस खातो. बटरफ्लायफिशांच्या कुळाचं शास्त्रीय नाव कीटोडॉन्टिडी, म्हणजे केसांसारख्या दातांचे. ब्रशसारख्या त्या बारीक दातांनी हा मासा प्रवाळाचे जीव टिपत राहतो. दगड तसाच राहतो. सकाळपासून अंधार पडेपर्यंत, मिनिटामिनिटाला टिपणं चालू. एका वेळी घास इतका छोटा, की दिवसभर खाल्लं तरच पोट भरतं.

या कुळात सव्वाशेच्या वर जाती आहेत. त्यांतल्या काही किडेही खातात, काही पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातात. लांब चोचीचा कॉपरबँड तर टाकीत माजणारे नको ते ॲनिमोनी खातो म्हणून हौशी लोक त्याला मुद्दाम आणतात. पण मेलन आणि त्याच्यासारखे काही जवळजवळ प्रवाळावरच जगतात. शेव्हरॉन नावाचा एक तर प्रवाळांतही मुख्यतः ॲक्रोपोरा हा एकच गट पसंत करतो.

मग टाकीत प्रवाळ का ठेवू नये? आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 साली सगळे दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आले. वाघ आहे त्याच अनुसूचीत. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही कपाटात शोभेला ठेवता येत नाही. परदेशातल्या व्हिडिओंत दिसणाऱ्या रंगीत रीफ टाक्या बघून इथली मुलं वेडी होतात, पण मला तो रस्ता बंद आहे आणि तो बंद असावा असंच मला वाटतं. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी गणित जमत नाही. टाकीतला प्रवाळ महिन्याला बोटाच्या पेराएवढाही वाढत नाही, आणि हा मासा तो दिवसात सोलून काढेल. एका माशासाठी एक बागच लागेल, आणि ती बाग त्याच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढायला हवी.

म्हणून पर्याय शोधले. आर्टेमियाची अंडी घरीच उबवली, दीड दिवसात पिल्लं निघाली. माशाने ती अंगावरून जाऊ दिली. गोठवलेली कोळंबी बघितलीही नाही. काही जाणकारांनी असे मासे तिसऱ्यांच्या मांसावर आणल्याचं मी वाचलं होतं. शिंपल्यातलं मांस वाटायचं, खडबडीत दगडावर चोपडायचं आणि थंडीत गोठवून टाकीत ठेवायचं, म्हणजे माशाला ते प्रवाळासारखं वाटतं. पण आमच्या बाजारात तिसऱ्या शोधून मिळाल्या नाहीत. मुंब्र्याच्या फुफेऱ्या भावाला फोन केला. तो देवगिरी एक्सप्रेसने येणारच होता. त्याने बर्फाच्या डब्यात दोन किलो तिसऱ्या आणल्या आणि डबा माझ्या हातात देताना म्हणाला, "आपल्यासाठी कधी एवढं मागवलं नाहीस."

सहाव्या दिवशी माशाने त्या दगडाला पहिला चावा घेतला. माझी धाकटी तेव्हा चौथीत होती. तिने आरडाओरडा करून सगळं घर गोळा केलं. त्या संध्याकाळी आम्हाला वाटलं, जमलं.

पण तो खायचा ते दहा-वीस चावे. मग काचेपाशी जाऊन स्वतःच्या प्रतिबिंबासमोर तासन्तास वरखाली करत राहायचा. हे मासे समुद्रात बहुतेक जोडीने राहतात, वर्षानुवर्षं त्याच जोडीदाराबरोबर. धाकटी म्हणायची, त्याला त्याची बायको दिसतेय. मी काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं, तर तो दुसऱ्या बाजूच्या काचेपाशी गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या डोक्यामागचा भाग आत गेलेला दिसू लागला. माशाची उपासमार आधी तिथे दिसते.

अम्मी रोज फजरनंतर टाकीपाशी येऊन उभी राहायची. एक दिवस तिने मांजरीची हदीस काढली. एका बाईने मांजर बांधून ठेवली, तिला खायला घातलं नाही आणि जमिनीवरचं काही शोधून खायला सोडलंही नाही. त्या बाईला अजाब झाला. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली, पण तिच्यातलं सोडून देण्याबद्दलचं कलम मला आता नव्याने ऐकू आलं. मांजर सोडली की तिचं अन्न दाराबाहेरच आहे. हा मासा कुठे सोडायचा?

भावाने उत्तर दिलं होतं. "हाजी अलीला जातो मी दर महिन्याला. डबा दे, पाण्यात सोडून देतो."

त्याचा हेतू चांगला होता. हाजी अलीच्या पाण्यात प्रवाळ आहेही. लहानपणी अब्बांबरोबर आम्ही हाजी अलीला जायचो, मग मरीन ड्राईव्हवर तारापोरवाला मत्स्यालय बघायचो. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय म्हणजे आमच्यासाठी समुद्र. दर्ग्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना जे गढूळ पाणी होतं त्यात काही जिवंत असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही. पुढे कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळाच्या वसाहती सापडल्या. 2020 साली वनखात्याच्या परवानगीने राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा 18 वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. हजारो कोटींचा रस्ता, आणि त्यात ताटलीएवढ्या जिवांसाठी परवानगीची फाईल. कायदा असला की एवढं तरी होतं.

पण ते मेलनचं घर नव्हे. तो लक्षद्वीप-मालदीवसारख्या स्वच्छ, उथळ पाण्यातला. शिवाय टाकीत राहिलेला मासा समुद्रात सोडायचा नसतो, बरोबर कुठला रोग जाईल सांगता येत नाही. अटलांटिकमध्ये आज जो लायनफिश धुमाकूळ घालतोय, तो मूळचा तिथला नाही. हौशी लोकांच्या टाक्यांतून तो तिथे पोहोचला, असं मानतात. भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ठेवला तरी मरणार, सोडला तरी मरणार. मग पकडला कशाला?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पकडणारा तर तिथे नव्हताच. क्लाऊनफिशची पिल्लं आता हॅचरीत तयार होतात, आपल्याकडे ऐरोलीतही ते काम झालं आहे. बटरफ्लायची पिल्लं मात्र कितीतरी आठवडे खुल्या समुद्रात तरंगत वाढतात. ती टाकीत वाढवणं फार थोड्यांना जमलं आहे. त्यामुळे दुकानात दिसणारा जवळजवळ प्रत्येक बटरफ्लाय कुठल्या तरी बेटावरून जाळ्याने उचललेला असतो, आणि बऱ्याचदा मागे त्याचा जोडीदार एकटा फिरत असतो.

तेविसाव्या दिवशी सकाळी तो पंपाच्या जाळीला टेकलेला सापडला. धाकटीने त्याला मेंदीच्या कुंडीत पुरलं. शाळेत जाताना तिने विचारलं, "समुद्रात असता तर जगला असता ना?"

मी हो म्हणालो. जगण्याची शक्यता तिथेच होती, म्हणून हो. पण प्रवाळ संपला तर हा मासा समुद्रातही उपाशीच. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 साली हे घडलं. 2016च्या उष्णतेच्या आधी आणि नंतर जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि ख्रिसमस बेटाच्या प्रवाळांवर शास्त्रज्ञांनी बटरफ्लायच्या 38 जातींचं वागणं टिपलं. एरवी हे मासे आपापल्या प्रवाळासाठी एकमेकांवर धावून जातात. प्रवाळ पांढरे पडल्यावर त्यांची भांडणं दोन-तृतीयांशाने कमी झाली. वाचून आधी बरं वाटतं, जणू संकटात त्यांनी समेट केला. पण शास्त्रज्ञांच्या मते कारण साधं होतं. अन्न कमी पडलं आणि भांडायला लागणारी ताकद खर्चायला परवडेना. माझ्या टाकीत तिसऱ्या आठवड्यात तो मासा काचेतल्या जोडीदाराकडेही जाईनासा झाला होता, त्याचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यामागे धाकटीने मास्क लावून पाण्यात तोंड घातलं आणि पहिल्यांदा जिवंत प्रवाळ बघितला. पाणी जरा गढूळ होतं, रंग व्हिडिओसारखे नव्हते. वर आल्यावर ती म्हणाली, "अब्बू, हे तर तपकिरी आहे." मग पुन्हा खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

आता कोणी मला विचारलं, बटरफ्लाय ठेवू का, तर मी उलट विचारतो, तो काय खातो ते माहीत आहे का, आणि ते तू पिकवू शकतोस का? दुकानदाराला मी प्रवाळावर जगणाऱ्या बारा जातींची चित्रं छापून दिली. त्याने ती गल्ल्यामागच्या भिंतीवर टेपने चिकटवली आहेत, भावाच्या लग्नाच्या फोटोशेजारी. गेल्या महिन्यात पुरवठादाराने यादी पाठवली तेव्हा त्याचा फोन आला. "भाई, लिस्ट में चार नंबर की पीली वाली थी. मैं बोला, नको. उसका खाना हमारे गांव में नई मिलता."