वाघ्या, दोन ससे आणि तीन रात्री

लग्न ठरलं, हॉल बुक झाला, पत्रिकेचं डिझाइनही फायनल झालं. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. माझ्याकडे मोदक नावाचा ससा. वजन जेमतेम पावणेदोन किलो. तिच्याकडे ब्रूनो नावाचा लॅब्रॅडॉर. वजन तीस किलो, शेपटी वेगळी. आणि आम्हा चौघांचं भावी घर म्हणजे डोंबिवलीतला वन बीएचके!

‘‘राहतील रे एकत्र. नेटवर किती क्यूट व्हिडिओ असतात,’’ ती म्हणाली. मी मान डोलावली, पण रात्रीची झोप उडाली. अशात मामाचा फोन आला, ‘‘गावपळण इली. येतंस मा?’’ मी रजा टाकली, मोदकला मित्राकडे पोहोचवलं आणि कणकवलीचं तिकीट काढलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यात आचरा नावाचं गाव आहे. ग्रामदैवत रामेश्वर. तीन-चार वर्षांतून एकदा, थंडीच्या दिवसांत, रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव वेशीबाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं तर जातातच, पण गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, मांजरंही जातात. हिंदू जातात, मुसलमानही जातात. घरांना कुलपं, बाजारपेठ बंद, रस्ते सुनसान. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि देव हो म्हणाला तरच परतायचं. जवळच्या चिंदर आणि वायंगणीतही ही प्रथा आहे, वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यातही आहे. कुणी म्हणतं, हे तीन दिवस गाव देवांचा आणि भुतांचा. कुणी म्हणतं, गावाला जरा मोकळा श्वास मिळावा म्हणून. मला मात्र एकाच गोष्टीत इंटरेस्ट होता. एरवी अंगणात, गोठ्यात, पडवीत वाटून राहणारे सगळे प्राणी तीन रात्री एका झोपडीत कसे राहतात?

मामाकडे वाघ्या नावाचा गावठी कुत्रा आहे. रंग तांबडा, एक कान तुटका, स्वभाव जमादाराचा. आणि मामेभावाच्या दहा वर्षांच्या मुलीचे दोन ससे, चिकू आणि बोर. घरी वाघ्याची हद्द अंगणापर्यंत, सशांचा पिंजरा मागच्या पडवीत. दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती.

मी येण्याचं खरं कारण सांगितलं तेव्हा मामी पदर तोंडाला लावून हसत सुटली. ‘‘रे झिला, कुत्र्याक नि सशाक एकत्र बघूक मुंबैसून इलंस?’’

देवळात नौबत झडली, तोफेचा आवाज झाला आणि गाव हललं. डोक्यावर गाठोडी, टेम्पोत भांडी आणि गाद्या, दोरीला शेळ्या, टोपल्यांतून कोंबड्या. त्यात आमची वरात: पुढे वाघ्याची साखळी धरून मामा, मागे भाजीच्या क्रेटमध्ये चिकू-बोर घेऊन ती पोर आणि सर्वात शेवटी लॅपटॉपची बॅग सांभाळत मी. वेशीपलीकडे, खाडीच्या बाजूला आमची झावळ्यांची राहुटी तयार होती. एकच खोली. म्हणजे माझ्या वन बीएचकेपेक्षाही कठीण परीक्षा!

मामीने पाच मिनिटांत प्लॅनिंग केलं. दारात माडाच्या बुंध्याला वाघ्या. मागच्या कोपऱ्यात, लाकडी फळीवर सशांचं क्रेट. मधे पोत्याचा पडदा. ‘‘एकमेकांका दिसाक नको,’’ एवढंच म्हणाली. आमच्या ऑफिसातल्या एचआरने सीटिंग अरेंजमेंटला दोन महिने घेतले होते.

पहिला दिवस धमाल गेला. मुलींच्या फुगड्या, मोठ्यांचं भजन, खाडीतून आलेले ताजे मासे, चुलीवरची कढी. रात्री मात्र कोल्हे ओरडले. लगेच वाघ्या भुंकायला लागला, त्याचं ऐकून आजूबाजूच्या राहुट्यांतली कुत्री भुंकली आणि अर्धा तास नुसता कल्लोळ. पोत्यामागून धप्‌ धप्‌ असा आवाज येत होता. ससे मागचे पाय आपटत होते. ससा घाबरला की असाच इशारा देतो. मी कूस बदलली आणि झोपलो. ही माझी चूक.

सकाळी सातला पोर रडत आली. ‘‘काका, बोर काय खाईना.’’ रात्री नवाला ठेवलेलं गवत तसंच होतं. क्रेटमध्ये एकही नवी लेंडी नाही. बोर कोपऱ्यात अंग आखडून बसलेली, दात कराकरा वाजवत. पोटात दुखत असलं की ससे असे दात वाजवतात. माझ्या पोटात गोळा आला. सशाचं आतडं सतत चालू असावं लागतं. भीतीने त्याचं खाणं थांबलं की आतडं मंदावतं, पोटात गॅस धरतो आणि दहा-बारा तास असेच गेले तर जिवावर बेतू शकतं. वाघ्याने तिला दातही लावला नव्हता. तिला पाहिलंही नव्हतं. नुसत्या आवाजाने तिची ही अवस्था झाली होती.

ओळखीच्या व्हेट डॉक्टरांना फोन लावला. ‘‘वाट बघू नका, घेऊन निघा. गाडी येईपर्यंत शांत जागी ठेवा, समोर ताजं गवत आणि पाणी ठेवा.’’ रिक्षा यायला तास लागणार होता. मामीने क्रेट उचललं आणि थेट टोकाच्या राहुटीत, एका म्हाताऱ्या आजींकडे नेऊन ठेवलं. तिथे ना कुत्रा, ना पोरांची गर्दी. आजींनी दवाने ओल्या हरळीची जुडी पुढे टाकली आणि आम्हाला बाहेर काढलं.

त्या तासाभरात मी ऑफिसचा एकही मेल बघितला नाही. पोर माझा हात घट्ट धरून बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘वाघ्याची चूक आसा काय?’’ मी नाही म्हणालो. वाघ्या पहारा देत होता, तेच त्याचं काम. बोर घाबरली, तोही तिचा स्वभाव. कुत्रा माणसाबरोबर किमान पंधरा हजार वर्षं राहतोय, पण त्याच्या रक्तातला शिकारी अजून गेलेला नाही. आणि पाळीव ससा कितीही लाडावला तरी मनातून तो शिकारच असतो. चूक असलीच तर त्या धप्‌ धप्‌कडे कानाडोळा करणाऱ्याची, म्हणजे माझी.

रिक्षा आली तेव्हा आजी हसत बाहेर आल्या. बोरने हरळीची चार पाती खाल्ली होती. तरीही आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, आवाज ऐकला, एक इंजेक्शन दिलं. संध्याकाळी क्रेटमध्ये काळ्या, गोल, टणक लेंड्या दिसल्या आणि आख्ख्या राहुटीने टाळ्या वाजवल्या. लेंड्यांसाठी टाळ्या वाजवायची माझी ही पहिलीच वेळ!

उरलेल्या दोन रात्री ससे आजींकडेच राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी मामाने वाघ्याला साखळीसकट क्रेटपासून दहा पावलांवर बसवलं. त्याने हवा हुंगली, मामाकडे बघितलं आणि पाठ करून झोपला. ‘‘बघितलंस? जमला!’’ मामा म्हणाला. मी फोटो काढायला मोबाइल उचलला, तेवढ्यात मामी फटकन बोलली, ‘‘आज खाल्ल्यान नाय म्हणान उद्या खावचो नाय, असा कोणी सांगल्यान?’’

नेटवरच्या सगळ्या क्यूट व्हिडिओंना हे एका वाक्यातलं उत्तर होतं.

चौथ्या दिवशी कौल झाला आणि गाव परत वेशीत शिरलं. वाघ्या अंगणात, ससे पडवीत. मला वाटलं, गावपळण म्हणजे तरी काय? हे गाव आपलं असलं तरी तीन दिवस ते दुसऱ्याचं आहे, हे मान्य करून हद्द पाळायची. एकत्र राहायचं म्हणजे एकमेकांना चिकटूनच राहायचं, असं थोडंच आहे?

परत आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा तिचं तोंड उतरलं. मग तिनेच घराचा प्लॅन कागदावर काढला. हॉल ब्रूनोचा, बेडरूम मोदकची. मधलं दार बंद, शिवाय लहान मुलांसाठी लावतात तसलं फाटक. आणि आपण दोघं? ‘‘आपण दोन्हीकडे,’’ ती म्हणाली. लग्नाची तारीख कायम आहे.

दोघांना एकाच घरात आणताय? मग एवढं कराच

• आधी वासाची ओळख. एकाच्या अंथरुणाचा तुकडा दुसऱ्याजवळ ठेवा. समोरासमोर भेट नंतर.

• भेटीच्या वेळी कुत्रा पट्ट्यात, ससा जाळीच्या आत आणि लपायला त्याला एक खोका. कुत्रा एकटक बघायला लागला की भेट संपली.

• घरात माणूस नसेल तर दोघं वेगळ्या खोल्यांत. वर्षानुवर्षांची ओळख असली तरीही.

• कुत्र्याच्या गोचिडांचं औषध सशाला लावू नका. त्यातलं फिप्रोनिल सशासाठी घातक ठरू शकतं. कुत्र्याला लावलं असेल तर त्यालाही सशापासून लांब ठेवा.

• सशाने खाणं थांबवलं, लेंड्या दिसेनाशा झाल्या, की ‘उद्या बघू’ नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

• शेतात दिसणारा रानससा उचलून घरी आणू नका. तो वेगळा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.