सतरा क्रमांकाचा कोपरा

यंदाच्या स्मरणिकेसाठी वसतिगृहातील आठवणी लिहून पाठवाव्यात, अशी विनंती संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांना केली आहे. पहाटेची सामुदायिक वंदना, भोजनगृहातील रांगा, परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत तेवणारे दिवे, यांविषयी आमचे इतर सहाध्यायी आमच्याहून सरस लिहितील. शाळा सोडल्यावर नोकरीच्या निमित्ताने आम्ही चौघे एकाच शहरात स्थायिक झालो. तेथील प्राण्यांच्या निवारा केंद्रात गेल्या वर्षी जे पाहिले, ते येथे मांडण्याचे आम्ही ठरविले आहे. विषय एका भटक्या कुत्रीचा आहे, त्यामुळे काही वाचक पान उलटतील, याची आम्हांस कल्पना आहे.

केंद्र शहराच्या हद्दीवर आहे. पत्र्याच्या छपराखाली पिंजऱ्यांच्या दोन समोरासमोर रांगा, सिमेंटची उतरती जमीन, मधून वाहणारी नाली आणि सर्वत्र फिनेलचा वास. एक कुत्रा भुंकू लागला की उरलेले सारे त्याला साथ देतात आणि मग दोन माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांप्रमाणे आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरील कुत्रे पकडून आणायचे, त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाच्या टोकाला ओळखीचा छेद द्यायचा आणि जेथून आणले तेथेच परत सोडायचे, अशी ही व्यवस्था आहे. बहुतेक कुत्री काही दिवसांत परत जातात. दर रविवारी आम्ही तेथे जाऊन पिंजरे धुतो, पाणी बदलतो, मोठ्या पातेल्यात भात शिजवितो. यात काही थोर सेवा आहे, असा आमचा दावा नाही.

सतरा क्रमांकाच्या पिंजऱ्यातील कुत्री आम्ही प्रथम पाहिली ती पाठमोरी. भिंतीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून, शेपटी पोटाखाली घेऊन ती बसली होती. दार उघडले तरी ती वळली नाही. तिच्या पाठीची कातडी तेवढी थरथरली. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नव्हते. पाणीही ती रात्री सर्व निजानीज झाल्यावरच पीत असावी, कारण सकाळी वाडगे रिकामे दिसे. केंद्रातील काळजीवाहक मामांनी तिचे नाव कोपरी ठेवले. कोणीतरी तिला भित्री म्हटले, तेव्हा मामा म्हणाले, “भित्री म्हणू नका. तिला जाळ्यात धरून आणलंय. तुम्हांला तसं आणलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?”

तिच्या टाक्यांत पू झाल्यामुळे चार-पाच दिवसांचा मुक्काम पाच आठवड्यांवर गेला. केंद्रात येणाऱ्या पशुवैद्य ताईंनी आम्हांस समजावून सांगितले की, पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या काळात माणसाचा हात ज्याने मायेचा म्हणून अनुभवला नाही, त्याला पुढे प्रत्येक हात दगड उचलणारा वाटतो. कुत्र्याचे जांभई देणे, ओठ चाटणे, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहणे, ही आळसाची नव्हे तर भयाची भाषा आहे. गुरगुरणे हादेखील इशारा असतो. त्याबद्दल मारले, तर कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देताच चावतो. म्हणून समोरून जायचे नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, वरून हात न्यायचा नाही. दाराशी तिरके बसायचे, अन्न दूर टाकायचे आणि आपण तेथे नसल्यासारखे असायचे. माणसाला, विशेषतः उपकार करावयास निघालेल्या माणसाला, हे शेवटचे काम सर्वांत जड जाते.

मामांनी कोपऱ्यात एक खोके आडवे ठेवून त्यावर गोणपाट टाकले. तिला लपण्यास जागा मिळाली आणि त्याच रात्री तिने खाल्ले. आमच्यापैकी एक जण पिंजऱ्याच्या दाराशी पाठमोरा बसून, शाळेची सवय म्हणून, सायंवंदना पुटपुटत असे. तिसऱ्या रविवारी खोक्यातून तिचे नाक बाहेर आले. याचे श्रेय पालीला देण्याचा मोह आम्ही आवरतो. सावकाश, एका सुरात बाजारभाव वाचले असते, तरी तिला चालले असते. शेजारच्या पिंजऱ्यातील म्हातारा, शांत कुत्रा तिच्यासोबत फिरावयास नेऊ लागल्यावर मात्र खरा फरक पडला. तो पुढे चालला की ती त्याच्या सावलीने चाले. माणसाविषयीचा भरवसा तिने त्या म्हाताऱ्याकडून उसना घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आम्ही ही हकीकत सांगितली. एक ज्येष्ठ गृहस्थ शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारले, “चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी होते, आपल्या आज्या-पणज्यांना नव्हते. आणि तुम्ही रविवारची सुटी कुत्र्यांपायी घालविता?” सभागृहात कोणी हसले नाही. २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह ज्या घरांत आजही सणासारखा सांगितला जातो, त्या घरांतील लेकरे आम्ही. हा प्रश्न टाळून पुढे जाणे आम्हांस शक्य नव्हते.

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. परतीच्या प्रवासात मात्र बोलणे त्याच प्रश्नावर फिरत राहिले. तळ्यावर आपली वाट अडविली ती माणसांनी. तेथे पाणी पिणाऱ्या मुक्या जिवाने नव्हे. १९३४ सालच्या, राजगृहातील एका छायाचित्रात परमपूज्य बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्रा आहे. जनावराला माणसाच्या वर बसविणाऱ्या व्यवस्थेवर ज्यांनी प्रहार केला, त्यांच्याच घरच्या छायाचित्रात त्या जनावराला जागा होती. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबरच पशूंच्या चिकित्सेचा उल्लेख आहे. त्यातही एकाचे काढून दुसऱ्याला दिलेले नाही.

कुक्कुर जातकाचीही आठवण निघाली. जातककथांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा वाद येथे नको. कथा म्हणून ती ऐकण्याजोगी आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे पावसात भिजलेले कातडे राजवाड्यातील उंची कुत्र्यांनी खाल्ले. आळ आला तो बाहेरच्या कुत्र्यांवर, आणि राजाने नगरातील कुत्री मारण्याची आज्ञा दिली. वाड्यातील तेवढी वगळली. तेव्हा स्मशानात राहणारा श्वानांचा नायक, म्हणजे बोधिसत्त्व, राजासमोर जाऊन विचारतो की, अपराध कोणाचा हे न पाहता दुबळ्यांनाच मारणे, हा कोणता न्याय? मग ताक आणि दर्भ देऊन वाड्यातील कुत्र्यांना ओकावयास लावले जाते आणि कातड्याचे तुकडे बाहेर पडतात. आम्ही आश्रमशाळेत नव्हे, मोठेपणी ही कथा वाचली. ती करुणेपेक्षा न्यायाची कथा आहे, आणि त्या ज्येष्ठांचा प्रश्नही न्यायाचाच होता, असे आम्हांस वाटते.

कोपरीच्या बाबतीत खरा पेच नंतरच आला. तिच्या गल्लीतील रहिवाशांनी, ती परत नको, असा अर्ज दिला. एका मुलाला कुत्रा चावला होता. चावणारा कुत्रा वेगळा होता, परंतु भय वेगळे नव्हते, आणि त्या आईच्या भयाला आम्ही खोटे म्हणणार नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लागलीच लस घेणे, एवढाच मार्ग असतो. दुसऱ्या बाजूस, कोपरीला केंद्रात ठेवून घ्यावे, असे आमच्यापैकी दोघांचे मत होते. तेथे दोन वेळचे अन्न होते, औषध होते. पण प्रत्येक भुंकण्यासरशी खोक्यात शिरणाऱ्या जिवाला आयुष्यभर त्या गोंगाटात ठेवणे म्हणजे आसरा की कैद, यावर आमचे अखेरपर्यंत एकमत झाले नाही.

आम्ही त्या गल्लीत तीन वेळा गेलो. पहिल्या दोन भेटींत बोलणे आमचेच झाले आणि उपयोग झाला नाही. तिसऱ्या वेळी तेथे झाडलोट करणाऱ्या मावशी थांबल्या. कोपरीला रोज भाकरी टाकणाऱ्या त्याच होत्या, हे तेव्हा कळले. त्या म्हणाल्या, “ती कुणाच्या वाटेला जात नाही. पोरं दगड मारतात, तेवढं थांबवा.” त्या मुलाच्या आईने लसीकरणाचा दाखला पाहण्यास मागितला, दोनदा वाचला, आणि कचरा उघड्यावर टाकणाऱ्या उपाहारगृहाला आधी समज द्या, अशी अट घातली. अट रास्त होती. ते काम महिनाभर पुरले. अजूनही पूर्ण झालेले नाही.

एका पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, पिंजऱ्याचे दार गल्लीच्या तोंडाशी उघडले. कोपरी बराच वेळ आतच बसून राहिली. मग एकदम बाहेर पडून, मागे न पाहता, बंद गॅरेजच्या फळ्यांमागे दिसेनाशी झाली. मावशींनी भाकरी तेथेच ठेवली.

आता आम्ही महिन्यातून एकदा तिकडे जातो. ती दहा हातांवर थांबते, मान खाली घालून आम्ही निघण्याची वाट पाहते आणि मग खाते. येत्या मार्गशीर्षात तिच्या लसीला वर्ष पूर्ण होईल. जाळे पुन्हा वापरायचे नाही, यावर मामा ठाम आहेत, आणि अंगाला हात ती अजून मावशींनाही लावू देत नाही. मावशी रोज वीतभर जवळ बसत आहेत.