चौकटीसकट जोडणी

फिल्मच्या काळात डिझॉल्व्ह किंवा फेड ऑप्टिकल प्रिंटरवर तयार व्हायचा आणि फिल्मचा नवा तुकडा होऊन संकलकाच्या हाती यायचा. परिणाम त्या तुकड्यावर कायमचा उमटलेला असायचा, त्यामुळे तो कुठल्याही रिळात जोडला तरी तसाच दिसायचा. आजच्या टाइमलाइनवरचा इफेक्ट म्हणजे चित्राबद्दल दिलेली सूचना असते आणि सूचनेचा अर्थ तिच्या भोवतालावर ठरतो. फ्रेम केवढी, वेग किती, खाली कुठले ट्रॅक आहेत, रंगांची व्यवस्था कोणती, यांपैकी एक गोष्ट बदलली तरी तीच सूचना वेगळं चित्र देते. म्हणून दोघा-तिघांनी वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये केलेलं काम एकत्र आणताना नुसत्या क्लिपा हलवून भागत नाही. ज्या चौकटीत त्या सूचना दिल्या गेल्या, ती चौकटच उचलून आणावी लागते. त्यासाठी अख्खा सिक्वेन्स न उलगडता नेस्ट म्हणून, म्हणजे नव्या टाइमलाइनवर एकाच क्लिपसारखा, आणणं हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे.

प्रीमिअर प्रोमधली साधी उदाहरणं घ्या. अ‍ॅडजस्टमेंट लेयर आपल्याखालच्या सगळ्या ट्रॅकवर परिणाम करतो. तो कॉपी करून दुसऱ्या टाइमलाइनवर टाकला, की खाली जे काही असेल ते सगळं त्याच्या रंगात न्हाऊन निघतं. ‘ट्रॅक मॅट की’ हा इफेक्ट आकारासाठी कुठल्या ट्रॅककडे बघायचं हे ट्रॅकच्या क्रमांकावरून ठरवतो. पेस्ट करताना क्लिपा दोन ट्रॅक वर सरकल्या, तर मॅट भलत्याच चित्राकडून आकार घेते. १९२० बाय १०८० ची शंभर टक्के स्केलवरची क्लिप ३८४० बाय २१६० च्या सिक्वेन्समध्ये गेली, की पडद्याचा चौथा हिस्साच भरते. वॉर्प स्टॅबिलायझर तर क्लिप आणि सिक्वेन्स यांचं माप जुळलं नाही तर चालायलाच नकार देतो. यांतला एकही इफेक्ट हरवलेला नसतो, इफेक्ट कंट्रोल्समध्ये सगळे आकडे जागच्या जागी दिसतात. पण काम मात्र गेलेलं असतं. मूळ प्रोजेक्ट इम्पोर्ट करून त्यातला सिक्वेन्स नेस्ट केला, तर ट्रॅकचे क्रमांक, लेयरची हद्द आणि फ्रेमचं माप आतल्या आत शाबूत राहतं आणि बाहेरून सगळ्या नेस्टला एकदाच दोनशे टक्के स्केल देता येतो.

यावर कुणी म्हणेल, की एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात काम नेण्यासाठी ईडीएल, एक्सएमएल, एएएफ या देवाणघेवाणीच्या फाइली आहेतच. आहेत, पण सीएमएक्स ३६०० पद्धतीची ईडीएल कट, डिझॉल्व्ह, वाइप आणि टाइमकोड सांगण्यासाठी घडली. मास्क किंवा कीफ्रेमची वळणं सांगणं तिचं काम नव्हतं. एक्सएमएल बरंच अधिक वाहून नेतं, तरीही दुसऱ्या कंपनीचं प्लगइन समोरच्या सॉफ्टवेअरला कळेलच असं नाही. सॉफ्टवेअर एकच असेल, तर मूळ प्रोजेक्ट फाइल सोडून मधला दुभाषा शोधायचं कारण उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्येक भाग उत्तम दर्जात रेंडर करा आणि जोडा, प्रश्नच मिटला. प्रश्न मिटतो, पण दुरुस्तीची वाटही बंद होते. शिजलेल्या भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. एका पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा झाला, तरी मूळ प्रोजेक्टकडे धाव घ्यावी लागते. रेंडर ही हवीच, पण सोबतची प्रत म्हणून. प्रीमिअरमधल्या रेंडर अँड रिप्लेसमध्ये मूळ रचना परत आणण्याची सोय ठेवली आहे, ती याच गरजेपोटी.

नेस्टचे तोटे मी नाकारत नाही. प्लेबॅक जड होतो, ध्वनी विभागाला सुटे ट्रॅक लागतात आणि दोन नेस्टमध्ये डिझॉल्व्ह द्यायचा तर आत काही जादा फ्रेम शिल्लक ठेवाव्या लागतात. २४ फ्रेमचा सिक्वेन्स २५ च्या टाइमलाइनवर आणला, की सेकंदाला एक फ्रेम दोनदा दिसते. संथ पॅनमध्ये तो झटका जाणवतो, म्हणून वेगाचा निर्णय संकलन सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवा. पण हे तोटे दिसणारे आहेत आणि त्यांवर उपाय आहेत: पिक्चर लॉक होईपर्यंत नेस्ट जपावेत, पुढच्या विभागांसाठी सिक्वेन्सची वेगळी प्रत उलगडून द्यावी. खरा धोका प्रोजेक्ट फाइलच्या बाहेर असतो. फॉन्ट, प्लगइन आणि रंगांसाठीच्या लट (LUT) फाइली त्या त्या मशीनवर राहतात; फॉन्ट सापडला नाही, की दुसराच फॉन्ट येऊन ओळीची लांबी बदलते. त्यांची यादी आणि प्रती प्रोजेक्टसोबत मागून घेणं हे जोडणाऱ्याचं पहिलं काम.

आणि शेवटचं काम पडताळणीचं. प्रत्येकाने आपल्या मशीनवरून मूळ सिक्वेन्सची संदर्भ-रेंडर द्यावी. ती नव्या टाइमलाइनवर त्याच नेस्टच्या वर ठेवून ब्लेंड मोड डिफरन्स करावा. पडदा काळा राहिला, तर दोन्ही चित्रं एकच आहेत. कुठे कडा किंवा रंग उजळला, तर नेमकं तिथेच काहीतरी बदललं आहे. अनोळखी हातांनी रात्र रात्र बसून केलेलं काम आपल्या ताब्यात येतं, तेव्हा ‘बरोबर दिसतंय’ एवढ्यावर थांबणं मला मान्य नाही. या कसोटीला उतरेपर्यंत जोडणी पूर्ण झाली असं म्हणू नये.