किल्ल्यातला चहा आणि घरचा हिशेब

माझ्या महिन्याच्या खर्चात एक ओळ अशी आहे की तिच्याबद्दल हटकून विचारणा होते: दार्जिलिंगचा पानांचा चहा, शंभर ग्रॅमला पाचशे रुपयांच्या आसपास. वाण्याकडची चहापावडर याहून कितीतरी स्वस्त मिळते. एका कपाला अडीच ग्रॅम पानं लागतात, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये चाळीस कप, कपाला साडेबारा रुपये. भिंगारमध्ये टपरीवर उभ्याने प्यायलेला चहाही दहा रुपयांना पडतो. हा हिशेब मांडला की उधळपट्टीचा आरोप बराचसा निवळतो, पण त्याच्या जोरावर मला वाद जिंकायचा नाही. कपाला पन्नास रुपये पडले असते तर, हा प्रश्न उरतोच. शिवाय असा हिशेब मांडावा लागतो यातच आपण मान्य करून टाकतो की आपल्या पसंतीचा खर्च आधी निर्दोष ठरवून घ्यायला हवा. किराणा, वीजबिल, शाळेची फी, औषधं, हप्ते, लग्नकार्यातले आहेर यांत माझ्या पसंतीला वाव जवळजवळ नाहीच. ते खर्च गरजेने, रिवाजाने किंवा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असतात. ज्या एखाद्या जागी माणूस फक्त स्वतःच्या आवडीने पैसे टाकतो, ती जागा कितीही लहान असली तरी तिची किंमत रुपयांत मोजून संपत नाही, असं मला वाटतं. त्याला पुरावा शोधायला मला भिंगारबाहेर फार लांब जावं लागत नाही.

नगरचा भुईकोट किल्ला इथून जवळच आहे. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांची धरपकड झाली आणि त्यांतल्या बहुतेकांना या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. आझादांनी इथे असताना आपले मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रं लिहिली. ती टपालात पडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. 1946 मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. त्यांत धर्म आहे, इतिहास आहे, संगीत आहे, कोठडीत घरटी करणाऱ्या चिमण्या आहेत आणि चहा आहे. नुसता उल्लेखापुरता नाही, तर पानंच्या पानं. पहाटे सगळे झोपलेले असताना उठायचं, स्वतःच्या हाताने चहा करायचा, छोट्या पेल्यांतून घोट घोट घेत बसायचं. चहा चिनी, ‘व्हाइट जॅस्मिन’ नावाचा. दूध घालायचं नाही. चहात दूध घालण्याच्या आपल्याकडच्या सवयीवर त्यांनी सविस्तर टीका केली आहे, आणि साखर किती स्वच्छ, पारदर्शक असावी यावरही लिहिलं आहे.

राजकारणाच्या इतिहासात या मजकुराला तळटीपेचीही जागा मिळत नाही. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. तुरुंगात उठण्याची, जेवण्याची, भेटीची, पत्राची, वर्तमानपत्राची प्रत्येक गोष्ट सरकार ठरवत होतं. किती दिवस राहायचं हेही माहीत नव्हतं. अशा ठिकाणी पानं कोणती, पाणी किती तापवायचं, पेला कोणता, हे एवढंच आझादांच्या हातात होतं, आणि तेवढं त्यांनी कुणाच्या ताब्यात जाऊ दिलं नाही. एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांच्या आजारपणाच्या बातम्या येत असताना आझादांनी सरकारकडे सुटकेची याचना केली नाही. त्या काळातही नेहमीचा दिनक्रम मोडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एवढ्या दुःखाला चहाचा आधार पुरेल असं म्हणण्याचा उथळपणा मी करणार नाही. पण आपल्या मर्जीने लावून घेतलेली एक लहानशी रीत माणसाला ताठ ठेवायला किती उपयोगी पडते, ते त्या पत्रांतून दिसतं. त्याच आवारात नेहरू फुलांचे वाफे करत होते. जमीन हलक्या प्रतीची, दगडगोटे आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा भरलेली होती, असं त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त लिहून ठेवलं आहे. ज्या जागेतून केव्हा हलवतील याचा भरवसा नाही, तिथे फुलं लावायची हीसुद्धा चैनच.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप त्याच वर्षातून येतो. 1943 हे बंगालच्या दुष्काळाचं वर्ष. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला, पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या दुपटीपर्यंत. आझादांचं घर कलकत्त्यात. माणसं रस्त्यावर मरत असताना चहाच्या सुगंधावर लिहिणं शोभतं का? आणि किल्ल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, गांधीजी कैदेत बसून आरोग्यावरचं पुस्तक लिहीत होते. त्यात चहा, कॉफी, कोको यांची शरीराला गरज नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे. गांधीजींचा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. गरजा वाढवत नेल्या की माणूस त्यांचा गुलाम होतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण गरज नाही म्हणून किंमत नाही, हे त्यातून निघत नाही. शरीराला गाण्याचीही गरज नसते. दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये दाखवून दिलं की प्रश्न केवळ धान्य कमी असण्याचा नव्हता. लोकांची धान्य विकत घेण्याची ताकद गेली होती, आणि त्यामागे युद्धकाळातली भाववाढ, साठेबाजी आणि सरकारी धोरणं होती. एका कैद्याच्या पेल्यातून कुणाच्या ताटातलं काही कमी झालेलं नव्हतं. ही कसोटी मला महत्त्वाची वाटते: चैनीचा भार कुणावर पडतो?

ही कसोटी लावून पाहायलाही इथे जागा आहे. फराहबाग म्हणजे निजामशाहीतला विलासी महाल. तलावाच्या मधोमध अष्टकोनी वास्तू, 1583 मध्ये मुर्तझा निजामशहाच्या काळात पूर्ण झालेली. आज तलाव कोरडा आहे आणि महालाचे अवशेष तेवढे उभे आहेत. वास्तू म्हणून तिच्याबद्दल मला आदर आहे. पण पर्जन्यछायेतल्या या कोरड्या मुलखात राजाच्या विश्रांतीसाठी अख्खा तलाव भरून ठेवायचा, याला कितीजणांचे कष्ट आणि किती गावांचं पाणी लागलं असेल! ती चैन मोठी होती म्हणून मला खटकत नाही. जो उपभोग घेत होता त्याने तिची किंमत स्वतःच्या वाट्यातून दिलेली नव्हती, म्हणून खटकते. हाच नियम घरालाही लागू करायला हवा. मुलांच्या दुधाचे पैसे दारूवर गेले तर रक्कम लहान असूनही तो फराहबागच.

आता बचतीचा आक्षेप, जो हल्ली सगळ्यात जास्त ऐकू येतो. महिन्याचे हे पाचशे रुपये म्युच्युअल फंडात टाका, वर्षाला बारा टक्के मिळाले तर तीस वर्षांत साडेसतरा लाखांच्या आसपास होतात. गणित बरोबर आहे. पण बारा टक्के हा अंदाज आहे, आणि महागाई सहा टक्के धरली तर त्या रकमेची आजच्या रुपयांत किंमत तीन लाखांच्या जवळपास उरते. तीही लहान नाही. तीन लाख आणि तीस वर्षांच्या सकाळी यांत कुणी तीन लाख निवडले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. घरं चहापायी बुडत नाहीत. बुडतात ती दवाखान्याच्या एका बिलाने, कर्ज काढून केलेल्या लग्नाने, पाऊस न पडलेल्या एका हंगामाने, चार माणसांत कमी दिसू नये म्हणून हप्त्यावर घेतलेल्या गाडीने. यांतले काही खर्च टाळता येत नाहीत आणि काही टाळण्याचं धाडस होत नाही, म्हणून काटकसरीचा सगळा उपदेश गजऱ्यावर, अत्तराच्या कुपीवर, पुस्तकावर येऊन पडतो. दुसऱ्याला दाखवण्यासाठी केलेला लाखाचा खर्च ‘करावा लागतो’, आणि स्वतःला आवडतं म्हणून केलेला शंभराचा खर्च मात्र उधळपट्टी, हे मला मुळीच पटत नाही.

कमी मिळकतीच्या माणसाला तर हा उपदेश जास्तच ऐकावा लागतो. 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सरकारी पाहणीत ग्रामीण भारतात तृणधान्यांवरचा खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहून किंचित कमी होता, तर पेयं, तयार खाद्यपदार्थ आणि बाहेरचं खाणं यांवरचा साडेनऊ टक्क्यांहून जास्त. फुकट मिळालेल्या रेशनच्या धान्याची किंमत यात धरलेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तरी कल उघड आहे. पोटाला धान्य मिळालं की माणूस दुसरं काही चाखू पाहतो. यात काही जणांना बिघडलेल्या सवयी दिसतात, आणि पाकिटातल्या तळलेल्या, खारट पदार्थांबाबत ती काळजी योग्यच आहे. पण लेखक जॉर्ज ऑर्वेलने 1937 मध्ये इंग्लंडमधल्या बेकार खाणकामगारांच्या घरांबद्दल जे नोंदवलं ते इथेही खरं आहे: हाताला काम नसलेल्या, कंटाळलेल्या माणसाला पौष्टिक पण बेचव अन्न नको असतं, त्याला थोडं चवीचं काही हवं असतं. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाने पोषणाचा तक्ता पाहून जेवावं, ही अपेक्षा ज्यांना दोन्ही वेळा निवड करता येते तेच करू शकतात.

रोजची झाली की चैनीची गोडी जाते, हा आक्षेप लवकर आटोपता येतो, कारण त्याचं उत्तर आपल्या घरांत आधीपासून आहे. क्वॉइडबाख आणि डन या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये केलेल्या प्रयोगात आठवडाभर चॉकलेट सोडलेल्या लोकांना ते परत खाताना इतरांपेक्षा जास्त आनंद झाला. चातुर्मासात आवडीचा पदार्थ सोडण्याचा नेम करणाऱ्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवत आल्या आहेत.

आणि इथेच मला खरं बोलायचं आहे ते बायकांबद्दल. रेव्हरंड नारायण वामन टिळक धर्मांतरानंतर नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये काम करत होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त, 1934 ते 36 या काळात निघालेल्या त्या चार भागांत, या संसाराचं चित्र आहे. टिळक कवी, मनाने उदार, पैशाबाबत बेफिकीर. मनात आलं की पैसे खर्च करणार, कुणाला तरी देऊन टाकणार. उरलेल्यात मेळ घालायचा तो लक्ष्मीबाईंनी. त्यांनी ते कमालीच्या मोकळ्या मनाने लिहिलं आहे, म्हणून आपण हसतो. पण हिशेब म्हणून पाहिलं तर एकाची हौस दुसऱ्याच्या वाट्यातून भागत होती, आणि दुसरीच्या हौसेचा रकानाच वहीत नव्हता. आजही फार वेगळं नाही. पुरुषाचा टपरीवरचा चहा, पान, तंबाखू, मित्रांबरोबरचा नाश्ता हे खर्च कुठे लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे त्यांवर वादही होत नाही. बाईने दिवसाआड दहा रुपयांचा मोगऱ्याचा गजरा घेतला तर तो सगळ्यांना दिसतो, आणि त्याचं काय नडलं होतं असं विचारलं जातं. तुरुंगातल्या आझादांशी तिची तुलना मी शोभेसाठी करत नाही. जिच्या दिवसाचा प्रत्येक तास आणि प्रत्येक रुपया दुसऱ्यांच्या गरजेने ठरतो, तिच्याही हातात निवडीची तेवढीच एक जागा असते.

म्हणून बचत गटांचं काम मला जितकं मोलाचं वाटतं तितकीच त्यातली एक उणीव टोचते. कर्ज शेळीसाठी मिळतं, शिलाई मशीनसाठी, मुलांच्या फीसाठी. हे सगळं हवंच. पण गटाचा हप्ता भरून, घर चालवून, स्वतःच्या कमाईतले जे दोनशे-तीनशे रुपये तिच्या हातात उरतात, तेही कशात गुंतवावेत याचं मार्गदर्शन लगेच सुरू होतं. त्या पैशांत तिला चांगल्या कापडाचा एक ब्लाऊज शिवावासा वाटेल, वासाचा साबण घ्यावासा वाटेल, थिएटरमध्ये बसून सिनेमा पाहावासा वाटेल. तिने कोणाच्याही ताटातून ते काढलेले नाहीत. तेवढ्या रकमेचा हिशेब तिला नवऱ्याने, सासूने, गटाच्या अध्यक्षबाईंनी आणि आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनीही विचारू नये.