राळ बसली पाहिजे

ॲक्वाटिंट मला मामांनी शिकवलं. मस्टरवर ते आमच्या कला महाविद्यालयातल्या ग्राफिक विभागाचे अटेंडंट होते. प्रेसला तेल घालणं, ॲसिडचे ट्रे धुणं, पोरांना जस्ताचे पत्रे कापून देणं, संध्याकाळी कुलूप लावणं, एवढंच त्यांचं काम कागदोपत्री होतं. सर फळ्यावर तंत्र समजावून सांगत, आणि चांगलं सांगत. पण पत्र्यावर राळ बसली की नाही हे ओळखायला मी मामांकडून शिकले, आणि आज मी जे काही छापते ते त्या ओळखण्यावर उभं आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साध्या एचिंगमध्ये सगळा कारभार रेघेचा. धातूच्या पत्र्यावर मेण आणि डांबर यांचा पातळ थर द्यायचा, तो सुईने खरवडायचा आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. उघडी पडलेली रेघ ॲसिड खातं आणि त्या खाचेत शाई बसते. सावली हवी असेल तर रेघांवर रेघा मारत बसायचं. जलरंगात कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात येणारी सलग करडी छटा रेघेला काही जमत नाही. ही अडचण सोडवणारी रीत, म्हणजेच ॲक्वाटिंट, फ्रान्समध्ये ज्याँ-बातिस्त ल प्रॅन्स या चित्रकाराने 1768च्या सुमारास बसवली. पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरायची आणि खालून आच देऊन ती चिकटवायची. ॲसिड राळेच्या कणांना शिवत नाही, कणांमधल्या मोकळ्या जागेत शिरून धातू कुरतडतं. त्या असंख्य बारीक खड्ड्यांत शाई थांबते आणि कागदावर सलग छटा उमटते.

आमच्याकडे राळेसाठी एक लाकडी पेटी होती, आत हाताने फिरवायचा पंखा. पंखा फिरवून झाला की मामा थांबत. पत्रा लगेच आत सरकवू देत नसत. "जाड कण आधी खाली बसू दे. मागं तरंगत राहते ती राळ आपली." मग पत्रा आत, झाकण बंद. बाहेर काढला की त्यावर चाळलेल्या पिठासारखा पांढरा थर. तो साध्या फुंकरीनेही उडतो, म्हणून श्वास धरून पत्रा गॅसपर्यंत न्यायचा. खरी परीक्षा तिथे. ज्योत पत्र्याखाली सारखी फिरती ठेवायची. मामा मान वाकडी करून उजेडाच्या विरुद्ध बाजूने पत्र्याकडे बघत. जिथे राळ वितळते तिथला पांढरेपणा जातो, ती पारदर्शक होते आणि पत्र्याचा मूळ रंग खालून वर येतो. नेमकी तेवढ्यावर आच काढायची. जास्त झाली तर कण एकमेकांत मिसळतात, सगळ्या पत्र्यावर काचेसारखा थर धरतो आणि ॲसिडला शिरायला वाव उरत नाही. कमी पडली तर कण सुटे राहतात आणि ॲसिडमध्ये निघून जातात. "घड्याळाकडं नको बघू पोरी, पत्र्याकडं बघ," हे मामांचं सांगणं मी माझ्या विद्यार्थ्यांना जसंच्या तसं सांगते.

पुढचं काम उलट्या क्रमाने चालतं. चित्रात जे पांढरं राहायचं ते आधी लाखेच्या वॉर्निशने झाकून टाकायचं. पत्रा काही सेकंद ॲसिडमध्ये, बाहेर काढून धुवायचा, वाळवायचा. सगळ्यात फिकी छटा मिळाली, ती झाका. पुन्हा ॲसिड, या खेपेला जास्त वेळ. असं करत शेवटी उघडं राहतं ते काळंकुट्ट. जस्तावर नायट्रिक ॲसिड चढलं की बुडबुडे धरतात. ते तसेच राहिले तर छटेवर ठिपके पडतात, म्हणून मामा एका पिसाने ते अलगद बाजूला सारत. तोंडाला रुमाल बांधलेला असे, बस. राळेची धूळ आणि नायट्रिकचा धूर दोन्ही छातीला वाईट. पुढे मामांना दम्याने गाठलं. आमच्या शिकण्याची किंमत कुणीतरी मोजत होतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि हे ऋण मला सर्वांत जड वाटतं.

ग्रंथालयातलं स्पॅनिश चित्रकार गोयाचं पुस्तक बघायला मामा हात साबणाने घासून येत. 'लॉस काप्रिचोस' ही गोयाची 80 चित्रांची मालिका 1799मध्ये माद्रिदला विक्रीला आली. त्यातल्या 32व्या चित्रात तुरुंगातल्या काळोखात एक तरुणी बसलेली आहे. मामांनी ते बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "यात सुई लागलेलीच नाही. सगळं राळेवर केलंय." खरंच, त्या चित्रात कोरलेली एकही रेघ नाही, ते निव्वळ ॲक्वाटिंट आहे. कला-इतिहासाच्या पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं. मामांना स्पॅनिश येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम, पण त्यांनी ते हाताच्या अनुभवावरून वाचलं.

आपल्या वेरूळचीही ॲक्वाटिंटं आहेत. पेशवाईच्या अखेरच्या दशकांत जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची चित्रं त्याने काढली. त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटनंही केली, पण 1795मध्ये तो वारला. ती रेखाटनं लंडनमध्ये थॉमस डॅनियलने 1803मध्ये 24 ॲक्वाटिंटांच्या रूपात प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर वेल्सचं नाव आहे, डॅनियलचं आहे, आणि चित्रं डॅनियलने व 'त्याच्या देखरेखीखाली' केली असंही म्हटलं आहे. देखरेखीखाली, म्हणजे राबणारे हात दुसरेही होते. कैलास लेण्याच्या सावल्यांसाठी तांब्यावर राळ कुणी बसवली, ॲसिडमधून पत्रे कुणी काढले, ते मुखपृष्ठ सांगत नाही. पुण्याचे गंगाराम तांबटही त्यावर नाहीत. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी त्यांनी स्वतः वेरूळ चितारलं होतं आणि वेल्सच्या हाताखालीही काम केलं होतं. त्यांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

प्रिंटखाली पेन्सिलीने लिहायचा रिवाज ठरलेला आहे. डावीकडे आवृत्तीचा क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे चित्रकाराची सही. माझ्या पहिल्या प्रदर्शनातल्या सगळ्या प्रती मामांनी काढल्या. शाई भरून जाळीच्या कापडाने पुसायची, शेवटचा हात तळव्याने फिरवायचा, आणि कुठे किती शाई मागे ठेवायची ते तळव्यालाच कळतं. दुसऱ्या कुणी पुसल्या असत्या तर त्या प्रती वेगळ्या झाल्या असत्या. छापणाऱ्यासाठी एक प्रत राखून ठेवायची, तिच्यावर तशी खूण करायची, हीसुद्धा या धंद्यातली जुनी रीत आहे. माझ्याकडून मामांनी ती प्रत हक्काने मागून घेतली. याचा मला फार आनंद आहे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी मामांना विचारलं, तुमचं नाव घालू का? ते नको म्हणाले. "मासिकात कशाला? प्रिंटवर घाल. तिथं मी राबलोय." म्हणून इथे त्यांचं नाव नाही. माझ्या प्रत्येक प्रिंटच्या मागे आहे.

गॅलरी चालवणाऱ्यांना आणि प्रिंट विकत घेणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. चित्र कुणाचं हे विचारून झालं की छापलं कुणी हेही विचारा, आणि चित्राशेजारच्या पाटीवर ते नाव लिहा.