न दिसणारी तार

पूर्वी घरी तार आली की बायका आधी रडून घेत आणि मग ती वाचून दाखवायला पोस्टमनला सांगत. तारेतून चांगली बातमीही येऊ शकते, यावर आमच्या चौसाळ्यात फारसा कुणाचा विश्वास नव्हता. १९८७ साली रामायणापायी धाब्याधाब्यावर अँटेना उगवले तेव्हा दुसऱ्या जातीची तार घरात शिरली. ती मात्र हळद-कुंकू लावून घेतली. पुढे २०१३ च्या जुलैत सरकारने पोस्टाची तार कायमची बंद केली, अँटेनाही कावळ्यांच्या हवाली झाला, आणि आम्ही म्हटलं, सुटलो! आता उरलं आयुष्य बिनतारी जाणार.

पण आमचे चिरंजीव पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांनी फोनवर कळवलं, "बाबा, यंदा महालक्ष्म्यांना येतो तो दिवाळी करूनच जातो. घरून काम करायची परवानगी आहे. फक्त नेट पाहिजे."

सौ.ने हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी भाजणीचे दाणे निवडायला घेतले. नात दोन महिने घरी राहणार, म्हणजे गेल्या पाच वर्षांतला सगळा मुक्काम एकत्र केला तरी त्याहून जास्त! एरवी ही मंडळी शनिवारी येतात आणि रविवारी दुपारी जेवणाचं ताट बाजूला सारून "घाटात गर्दी होईल" म्हणत निघतात.

नेट आमच्याकडे आहे. खांबावरून काचेचा बारीक धागा येतो आणि ढेलजेत एका डबीत संपतो. त्या डबीतून लहरी निघतात. मात्र आमचं घर बांधणाऱ्या पूर्वजांना रझाकारांपासून दरोडेखोरांपर्यंत सगळ्यांची धास्ती होती, त्यामुळे काळा दगड आणि पांढरी माती यांच्या दोन-दोन हात रुंद भिंती त्यांनी घातल्या. त्या भिंतींतून उन्हाळा आत येत नाही, आवाज बाहेर जात नाही, तिथे लहरींचं काय! ढेलजेत पूर्ण जोर, सोप्यात निम्मा, माजघरात धुगधुगी आणि मागच्या खोलीत थेट सुतक.

"मग ढेलजेत बसून कर की काम," मी सुचवलं. चिरंजीवांनी एक दिवस तेही केलं. ढेलज ही गावाची मालमत्ता. त्यांची परदेशी साहेबांशी मीटिंग चालू असताना शेजारचे तात्या येऊन मांडीला मांडी लावून बसले, पडद्यावरच्या नऊ जणांना त्यांनी हात जोडून राम राम घातला आणि "पाऊस हाय का तिकडं?" असं विचारलं. साहेबांना ते फार आवडलं म्हणतात. चिरंजीवांना आवडलं नाही. त्यांनी लहरी पुढे ढकलणारं एक यंत्र आणून सोप्यात लावलं. ते यंत्र लग्नातल्या निरोप्यासारखं निघालं. निरोप पोचवायचं, पण निम्माच, आणि उशिरा.

शेवटी ठरलं, तार टाकायची. ढेलजेतल्या डबीपासून मागच्या खोलीपर्यंत.

"टाका," सौ. म्हणाली, "पण मला दिसता कामा नये. महालक्ष्म्या बसतात त्या घरात मी निळी वायर लोंबू देणार नाही. चार बायका हळदीकुंकवाला येतात. त्या मुखवटे बघतील का तुमची वायर?"

नात राहायला हवी आणि तार दिसायला नको, या दोन अटींच्या मध्ये आम्ही उभे राहिलो. मग हातात सुतळी घेऊन घर मोजलं. कोपरे, चौकटी, चढ-उतार धरून ३४ मीटर. थोडी ढिलाई धरून ४० आणायची ठरली. ही तार १०० मीटरपर्यंत तक्रार न करता काम देते, त्यामुळे लांबीची काळजी नव्हती. काळजी होती ती तिच्या रूपाची.

मांजरसुंब्याचा घाट उतरून आम्ही बीडला गेलो. दुकानदाराने विचारलं, "कॅट फाइव्ह देऊ, सिक्स देऊ, का एट?" आम्ही मांजरसुंब्यावरून आलेलो, मांजरा नदीच्या मुलखातले, तेव्हा मांजरं आम्हाला नवी नाहीत. पण इथे कॅट म्हणजे मांजर नसून कॅटेगरी, म्हणजे इयत्ता. वरची इयत्ता, वरची फी. दुकानदाराचा सगळा जोर आठवीवर. चिरंजीव म्हणाले, आठवी मोठमोठ्या संगणक-केंद्रांसाठी असते, आणि तिची ती अफाट चाल ३० मीटरपर्यंतच. आपलं कनेक्शन १०० एमबीचं. पाचवी 'ई' तुकडी याच्या दहापट सहज वाहून नेते. म्हणजे नळाला करंगळीएवढी धार आणि पाइप मात्र मांजरा धरणाचा, असला प्रकार! पुढेमागे कनेक्शन वाढलं तर असावी म्हणून सहावी घेतली. मला बरं वाटलं. सहावीला मी बावीस वर्षं शिकवलंय.

दुकानदाराने एक तुकडा सोलून दाखवला. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून बसलेली. हा पीळ शोभेचा नाही. दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा होऊन जातो. ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी याचं पेटंट १८८१ सालीच घेतलं होतं. शिवाय चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. कुणाचा घट्ट, कुणाचा जरा सैल, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीच्या कानी जात नाही. एका वाड्यात चार बिऱ्हाडं सुखाने नांदवायची ही युक्ती आमच्या आजोबांना माहीत असती तर वाटणीचा दावा बीडच्या कोर्टात उभा राहिला नसता.

पुढची गंमत भावाची. एक तार दिसायला तशीच, पण निम्म्या किमतीला. सौ.ने ती हातात घेतली, तोलली आणि म्हणाली, "हलकी लागतीय." मग पर्समधल्या नेलकटरने टोक खरवडलं. आतून पांढरं निघालं! ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार वाकवली की लवकर तुटते आणि लांब पल्ल्यावर दम सोडते. एक ग्रॅम सोन्याच्या बांगड्या तीन दुकानं फिरून ओळखणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. दुकानदार तिला एकदम 'मावशी' म्हणू लागला आणि खरं तांबं आतून घेऊन आला.

त्याच्याकडे चपटी तारही होती, फितीसारखी, सतरंजीखाली सहज सरकणारी. सौ.चं मन तिच्यावर बसलं होतं. पण चपटीच्या पोटातल्या तारा केसासारख्या बारीक, आणि वरून नातीची तीनचाकी जाणार. शिवाय ती दोन्ही टोकांना शेंड्या बसवूनच येते. आमच्या घरात ती शेंडी कुठल्या भोकातून जाणार? म्हणून १००० फुटांच्या डब्यातून ४० मीटर गोल तार कापून घेतली. शेंड्या घरी बसवायच्या.

राहता राहिला रंग. दुकानदार पांढरी सुचवत होता. घराला पांढरी दिसत नाही, हे शहरातलं खरं. आमच्या माजघराच्या तुळयांवर ऐंशी वर्षांच्या चुलीचा धूर बसलाय. तिथे पांढरी तार म्हणजे कीर्तनात मारलेली शिट्टी. आम्ही काळी घेतली.

वायरमन पोऱ्या आला. त्याने भिंतीला ड्रिल लावलं आणि अर्ध्या तासाने घाम पुसत म्हणाला, "गुरुजी, ही भिंत हाय का नळदुर्गचा किल्ला? बिट संपायलंय, पर भोक पडंना." मग मला अँटेनाचं भोक आठवलं. रामायणासाठी पाडलेलं, चिंधी कोंबून बुजवलेलं. चिंधी ओढली, पाठोपाठ चिमणीचं जुनं घरटं निघालं, आणि पलीकडचा उजेड दिसला. शेंडी नसलेली तार त्यातून अलगद गेली.

सोप्यातल्या पांढऱ्या भिंतीवर काळी तार लपवायची कशी, याचं उत्तर सौ.ने काढलं. तिथे आमच्या पणजोबांपासून वडिलांपर्यंत फोटोंची रांग आहे. तार त्यांच्या मागून नेली. मध्ये एका जागी हातभर भिंत उघडी पडत होती, तिथे माळ्यावरून आत्याबाईंचा फोटो काढून लावला. ज्या आत्याबाईंशी सौ.चं हयातीत कधी जमलं नाही, त्यांना तारेमुळे सोप्यात जागा मिळाली. माजघरात तार तुळईच्या वरच्या अंगाने गेली, विजेच्या तारांपासून वीतभर लांब. ते गरजेचं असतं, नाहीतर विजेची कुरकुर हिच्यात शिरते. धाब्यावरून नेली असती तर सोपं होतं, पण ऊन तिला सोलून काढतं आणि आभाळातली वीज काय करील ते सांगवत नाही.

रात्री चिरंजीवांनी शेंड्या बसवल्या. नात शेजारी बसून रंग म्हणत होती, "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा..." मागच्या खोलीत हिरवा दिवा लुकलुकला. सूनबाईंनी लगेच बॅगा रिकाम्या करून माळ्यावर टाकल्या. सौ. काही बोलली नाही. बॅगा आणखी आत सरकवायला मात्र स्टूल घेऊन स्वतः चढली.

महालक्ष्म्यांना बायका आल्या. तार कुणालाच दिसली नाही. आणि इथेच घोटाळा झाला. इतकी मेहनत घेऊन लपवलेली तार कुणालाच दिसत नाही म्हटल्यावर सौ.ला राहवेना. ज्या त्या बाईला ती विचारू लागली, "या घरात चाळीस मीटर वायर आहे. शोधून दाखवा!" बाया मुखवटे सोडून तुळया न्याहाळू लागल्या. कुणालाच सापडली नाही की सौ. विजयी मुद्रेने आत्याबाईंचा फोटो उचलून दाखवते. दिवसातून पाच-सहा वेळा. आता त्या फोटोचा खिळा ढिला झालाय, भोवतीचा चुना झडलाय आणि आत्याबाईंच्या कानाजवळून वीतभर काळी तार स्पष्ट दिसते.

वायरमन पोऱ्या म्हणतो, पट्टी मारून देतो. सौ. म्हणते, मोठा फोटो शोधा.